संताच्या उशाशी ठेवलेली चांदी

सन ११८४, संत मार्टिनच्या सणाआधीचा आठवडा. घरात जीव दोन: मेणबत्त्या ओतणारी विधवा गेपा आणि तिची मुलगी ओडा. दोघी जन्मापासून बिशपच्या मालकीच्या. नदीपलीकडच्या कुंभाराशी ओडाचे लग्न ठरले होते. परंतु बिशपची दासी हद्दीबाहेर द्यायची, तर चांदीची चोवीस नाणी भरून तिला सोडवावे लागे. गेपाने ती जमवली होती.

"आजच बिशपच्या कारभाऱ्याच्या हातावर ठेव आणि मोकळी हो," शेजारीण हिल्डा म्हणाली. "संत काय पळून जातोय?"

"पोरीचा जन्म आहे गं. संताच्या उशाशी आठ दिवस निजलेली चांदी दगा देत नाही, आईनं सांगितलंय."

तिने नाण्यांची डबी चर्चमधल्या संताच्या थडग्यावरच्या चादरीखाली सारली.

सहाव्या दिवशी दवंडीची घंटा झाली. वसंतातल्या जत्रेत नाणी एकदा बदलून झालीच होती. मात्र बिशपला नवा मनोरा हवा होता, म्हणून जुने नाणे पुन्हा रद्द. जुन्यावर आशीर्वाद देणारा बिशप उभा होता. नव्यावर तो तलवार धरून बसला होता. चांदी एवढी पातळ, की समोर उठलेला त्याचा चेहरा पाठीमागे खळगा होई.

चर्चच्या ओसरीत टांकसाळीचा अधिकारी सणाचे हंस खात बसला होता. नव्या नाण्यांना त्याच्या बोटांची चरबी लागत होती.

"बारा जुनी, नऊ नवी."

"ही संताजवळची आहेत, धनी."

"मग संतालाच सांग बदलून द्यायला."

रांगेतली माणसे हसली. तीही त्याच हिशेबाने लुटली जाणार होती, तरी हसली. सत्तेची खरी घाण मला त्या हसण्यात दिसते. बोटांच्या चरबीत नाही.

शेजारच्याच बाकावर कारभारी होता. त्याने अठरा नाणी मोजली.

"सहा कमी आहेत."

"परवा चोवीस होती."

"परवा आली असतीस, तर घेतली असती, बाई. मी काय नको म्हणालो होतो?"

त्याने अठरा नाणी ठेवून घेतली. ओडाला सोडले नाही. कुंभार नाताळपर्यंत थांबला, मग त्याने दुसरीशी लग्न केले. ओडा बिशपच्या धोबीघरात आहे. मनोरा पूर्ण झाला.

सहा नाणी भरायची राहिली आहेत.