छायाबाईंच्या बोटांची हजेरी

"शकुबाईला सांगितलंस? मला न इचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग नाय म्हणले असते ना! माळ माझ्या घरची हाय. सासूनं बांधली, तिच्यामागं मी बांधली. तू कोण गं परस्पर वाटून टाकणारी?"

"आई, आज सकाळची माळ आरतीत सुटली. सगळ्यांसमोर."

"सुटली तर सुटली. देवीला फुलं वर टांगलेली नको होती, मांडीत हवी होती. घेतली तिनं."

"हे तू तिथंही बोललीस. सगळे हसले. मी नाही हसले."

"तुला हसायला काय होतं? हसल्यावर पगार कापतात का सातपूरला?"

योगिनीच्या खांद्यावर सातपूरच्या ऑफिसची पर्स अजून तशीच होती. दारातून आत यायलाही तिला जागा नव्हती, कारण मंडलिकांच्या घरातली पुढची खोली ही खोली कमी आणि दुकान जास्त. झेंडूचे क्रेट, शेवंतीच्या ओल्या गोणपाटाखालच्या पाट्या, आणि मधोमध पाय पसरून बसलेली तिची आई. दोऱ्याचं एक टोक आईच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, दुसरं दातात. समोर टोपलीत उद्याच्या दुसऱ्या माळेसाठी पांढरी तगर. दुपारपासून बसून बांधून झाली होती वीतभर माळ.

पंचवटीतल्या त्या गल्लीतल्या देवीला नवरात्राच्या नऊ माळा मंडलिकांच्या घरून जातात. पहिली कारळ्याच्या पिवळ्या फुलांची, दुसरी पांढरी, आणि पुढच्या ज्या त्या दिवसाच्या. या माळांना सुई लागत नाही. देवीच्या फुलाला भोक पाडायचं नाही, अशी त्या घरची रीत. प्रत्येक फूल देठाशी धरायचं, दोऱ्याचा फास टाकायचा, ओढायचा. जास्त ओढला तर देठ तुटतो, कमी ओढला तर फूल गळतं. ती ओढ बोटांना कळावी लागते. दिंडोरीहून लग्न होऊन आलेल्या छायाला ती पहिल्याच नवरात्रात कळली, आणि खाष्ट म्हणून अख्ख्या गल्लीत नाव असलेली सासू म्हणाली, "पोरीच्या हातात डोळे हायेत."

त्याच हातांनी आता दातांची मदत घेतली होती.

सुरुवात झाली तेव्हा छायाबाईंना वाटलं, पाण्यात हात घालून घालून आखडले असतील. फुलवालीचे हात सदा ओलेच. पण हे आखडणं सकाळचं होतं. उठल्यावर मूठ मिटायची नाही, मिटली तर उघडायची नाही, आणि चहाची कपबशी दोन्ही तळव्यांत धरून प्यावी लागायची. फुलांचा धंदा मात्र पहाटेचा. शेतातून त्यांचे यजमान वाल्मीकराव माल घेऊन यायचे तेव्हाच गिऱ्हाईक दारात आणि बोटं झोपलेली. मालेगावकडच्या कुणीतरी पुडी दिली, कुणी तेल दिलं. शेवटी गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, संधिवात, पण म्हातारपणाचा नाही. अंगातलीच ताकद उलटून सांध्यांना खातेय. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली. बुधवार ठरला.

मग छायाबाईंनी काय केलं, तर बोटांना नावं ठेवली.

पहाटे कोमट पाण्याची परात मांडायची, त्यात मीठ टाकायचं, हात बुडवायचे आणि हजेरी घ्यायची. "उठा सासरेबुवा," हे अंगठ्याला, "तुम्ही उठल्याशिवाय घरात कुणी हलत नाय." मग शेजारचं बोट, "जाऊबाई, पुरे झाली झोप, माल आलाय." मधलं बोट नणंद, कायम ताठ. करंगळी माहेरी गेलेली, तिला आणायला जावं लागायचं. आणि अंगठीचं बोट नवी नवरी. एकदा ते इतकं सुजलं की सोनाराकडून अंगठी कापून काढावी लागली. घरी येऊन म्हणाल्या, "नवरीनं रुसून दागिनाच मोडला, आता हिला मनवायचं कोणी?"

ब्लाउजचे हूक वाल्मीकराव लावून द्यायला लागले, तेव्हा छायाबाईच म्हणाल्या, "काय हो, नवीन लग्न झाल्यासारखं वाटतंय." वाल्मीकराव लाजले. दोघंही हसले. हसण्यात हूक लागून गेला.

एका पहाटे योगिनीनं ती हजेरी मोबाइलवर टिपली आणि ऑनलाइन टाकली. खाली लिहिलं, 'पॉझिटिव्ह कसं राहायचं ते माझ्या आईकडून शिका.' कुठल्या कुठल्या गावच्या बायकांनी तो व्हिडिओ पाहिला. दुकानावर येऊन लोक म्हणायला लागले, "ओ मावशी, तुमची जाऊबाई उठली का आज?" छायाबाई हात वर करून बोटं नाचवायच्या. नाचवण्याइतकी ती तेव्हा नाचत होती.

गुरुवारचं मात्र कुणाला माहीत नव्हतं.

बुधवारी रात्री गोळी घेतली की गुरुवारी तोंडात आंबट पाणी यायचं, मळमळ व्हायची, आणि निशिगंधाचा वास आला की पोटातून ढवळून निघायचं. एरवी त्या वासावरच जगलेली बाई. गुरुवारी ती निशिगंधाच्या जुड्या दाराबाहेर ठेवायची आणि पदर नाकाशी धरून बसायची.

"आई, ऐक," योगिनी आता उंबऱ्यावरच खाली बसली. आवाज तिनं उतरवला. "सुईनं ओव मग. देवी काही रागावणार नाही."

"सुई? घटाच्या माळेला?"

"नाहीतर शकुमावशीला बांधू दे. ती काय परकी आहे? दुकानाला दुकान लागून आहे."

"तिची गाठ जाड पडते."

"पडते तर पडते! तुझी सुटते."

छायाबाईंनी दातातला दोरा सोडला.  मग हसल्या, नेहमीचंच. "आज जाऊबाईचा मूड नव्हता. उद्या बघ."

"नको ना गं हे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी एक्स-रे बघितला तेव्हा मी होते तिथं. ते म्हणाले, औषध चालू असताना हाडं इतकी झिजायला नको होती. म्हणजे ही गोळी तुला लागूच पडत नाही. उद्या ते दुसरं मोठं औषध लिहून देणार आहेत, आणि ते सोपं नाही. आपण इतकी वर्षं गोळी घेतली, वेळेवर घेतली, आणि तरी..."

"वेळेवर घेतली म्हणजे काय सणासुदीत पण घेतली का?"

ते तोंडातून गेलं. छायाबाईंनी तगरीचं फूल उचललं, परत टोपलीत टाकलं.

"म्हणजे?" योगिनी म्हणाली.

"म्हणजे काय म्हणजे. गणपती ते दिवाळी कोण गोळी घेऊन ओकत बसणार? दारात गिऱ्हाईक उभं असतंय."

"गणपती ते दिवाळी नाही घेतलीस?"

"आणि लग्नसराईत. नंतर घ्यायचे की परत. सीझन संपला की लगेच चालू."

"दर वर्षी?"

"अगं, आपल्या धंद्यात सीझन कुणी सोडतं का? तुझे बाबा ताप अंगावर घेऊन झेंडू तोडतात, तेव्हा त्यांना इचारतेस का?"

"आई, मग राहिलं काय वर्षातलं?"

छायाबाईंना ते बोटांवर मोजता आलं असतं, पण बोटं मोजण्यासारखी राहिली नव्हती. चारही बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेल्या निशिगंधाच्या काड्यांसारखी.

"डॉक्टर दर वेळी विचारायचे," योगिनी म्हणाली. "मी समोर बसलेली असायचे. मावशी, कशा आहात?"

"मग?"

"मग तू म्हणायचीस, एकदम झकास. ते म्हणायचे, गोळी नियमित? तू म्हणायचीस, घड्याळ लावून. वर त्यांच्या रिसेप्शनवरच्या मुलीला गजरा द्यायचीस."

"गजरा मनापासून द्यायचे मी."

"एकदा ते म्हणाले गोळी वाढवू, तर तू खुर्चीतून उठून गिरकी घेतलीस. डॉक्टर हसले आणि होती तीच लिहून दिली. मीही हसले." योगिनीचा आवाज फुटला. "मला वाटायचं, आमची आई किती ग्रेट."

"तूच टाकला ना तो व्हिडिओ?"

"त्याचा काय संबंध?"

"संबंध म्हणजे? अख्खं गाव म्हणायला लागलं, किती हसतमुख, किती हसतमुख. केरूअण्णा गुरव देवळात चार बायांना सांगायचे, दुखणं असावं तर छायाबाईसारखं. मग दुखलं तर मी रडायचं कुठं, योगे? परातीत?"

योगिनीची पर्स खांद्यावरून घसरून क्रेटवर पडली.

"मी काय खोटं हसत नव्हते," छायाबाई हळू म्हणाल्या. "हसलं की उठत होती ती बोटं. खरंच उठत होती. मला वाटलं, हसण्यानंच उठतायत. मग गोळी कशाला?"

बाहेर देवळात संध्याकाळची घंटा झाली. शेजारच्या दुकानातून शकुबाई हाका मारत होती, "छाया, तगर घेऊन जाऊ का मी? का तूच बांधतीयेस?"

छायाबाईंनी एकदा प्रयत्न केला. फूल देठाशी धरलं, फास टाकला, ओढला. अंगठा आणि जाऊबाई एकमेकांपर्यंत पोचलेच नाहीत. फूल मांडीवर पडलं. त्यांनी ते उचललं नाही.

"तुला शिकवायला पायजे होतं मी," त्या म्हणाल्या. "तू मागत होतीस लहानपणी. मीच हाकललं. म्हणलं, हिचे हात कोरडे राहू दे."

"ते सोड आता," योगिनी पुढे सरकली. तिनं आईच्या पायाच्या अंगठ्यातून दोरा सोडवला. वळ उमटला होता, तो ती चोळत बसली. "उद्या अकराला डॉक्टर. त्यांना वाटतंय ही गोळी हरली. गोळी हरली नाही, तू घेतलीच नाहीस, हे त्यांना कळलं पाहिजे. वाकलेलं सरळ नाही होणार म्हणालेत ते. पण हे बाकीचं, गुडघे, खांदे, हे वाचेल. तू खरं सांगितलंस तरच."

"तू सांग की."

"मी नाही सांगणार. ते तुला विचारणार. मावशी, कशा आहात, असं विचारतील." तिनं आईचा हात हातात घेतला. "काय सांगशील?"

छायाबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात नेहमीचं ते काहीतरी हललं. जाऊबाईंचं, नाहीतर नव्या नवरीचं.  ते काही बाहेर आलं नाही.

त्यांनी हात सोडवून घेतला. भिंतीला कोपर टेकून त्या कशाबशा उठल्या. तगरीची टोपली आणि वीतभर माळ तिथंच राहिली, योगिनीच्या पायाशी. चपलेत पाय न घालताच त्या उंबरा ओलांडून बाहेर पडल्या, शकुबाईच्या दुकानाकडे, माझ्यानं होत नाय, तूच बांध, असं स्वतःच्या तोंडानं सांगायला.