टाचेमागचा नाडा

पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेला वखर माझ्या पायावर कोसळला, तेव्हा मी कडब्याची पेंढी ओढत होते. वखराची पास, म्हणजे त्याचं खालचं लोखंडी पातं, वडिलांनी आदल्याच दिवशी लोहाराकडून धार लावून आणली होती. ती उजव्या टाचेच्या वर, मागच्या बाजूनं बसली. रक्त फार आलं नाही. आवाज मात्र आला, ताणलेली दोरी तुटावी तसा, आणि पोटरीतलं मांस गोळा होऊन वर सरकलं. मी उठायला गेले तर पाऊल माझं ऐकेना.

केदारखेडा शेतकऱ्यांचं गाव. माणसाचं काही मोडलं की ते हाडच, अशी आमच्याकडे पक्की समजूत. वडिलांनी बांबूच्या कामट्या आणवल्या, पाऊल काटकोनात उभं केलं, बोटं आढ्याकडे, आणि करकचून बांधलं. हाडाला ते बरोबर होतं. माझ्या पायाला नेमकं उलटं होतं, कारण तुटलेली टोकं त्यानं एकमेकांपासून आणखी लांब गेली. मी ओरडत होते आणि शेजारपाजारच्या बाया मला सोसायला शिकवत होत्या. त्यांचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी ताप भरला म्हणून गाडी जुंपली. दिवस मावळता मावळता जुन्या जालन्याच्या गल्ल्या ओलांडून आम्ही मिशनच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाई परदेशी, मराठी तोडकं, हिंदी त्याहून तोडकं. कामट्या पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. आत टाके घातले, वरून टाके घातले आणि बोटं खाली झुकवून पायाच्या पुढच्या बाजूनं फळी बांधली. मग आईला समोर बसवलं. मांस हाडाला सरळ चिकटत नाही, मधे एक पांढरी चिवट दोरी असते, ती तुटली आहे, असं त्या सांगत होत्या.

"म्हंजी मोटंचा नाडाच की," आई म्हणाली. "बैल कितीबी वढू द्या, नाडा तुटला तर मोट हिरीतच ऱ्हाती."

बाईंनी मोट कधी पाहिली होती की नाही देव जाणे, पण त्यांनी जोरात मान हलवली. पुढचं त्यांनी दोनदा सांगितलं. कातडी जल्दी भरेल. दोरीला रक्त थोडं मिळतं, ती फार सावकाश जुळते. वरून पाय बरा दिसेल, आतून नसेल. आम्ही सांगेपर्यंत टाच टेकवायची नाही. तुटली तर पुन्हा जुळेल याचा भरवसा नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी नर्सिंग शिकले तेव्हा या दोरीचं सगळं गणगोत भेटलं. पुस्तकात त्याला संयोजी ऊती म्हणतात. मांस हाडाला बांधते ती कंडरा, हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध, कान आणि नाकाचा शेंडा ताठ ठेवते ती कास्थी. हाड त्यातलंच, ऊब धरणारी चरबी त्यातलीच, आणि वाहणारं रक्तसुद्धा त्याच घरातलं हे वाचून मी चाटच पडले. कुणी बांधायचं, कुणी भार पेलायचा, कुणी धक्का सोसायचा, कुणी साठवायचं, कुणी पोचवायचं. कंडरा सावकाश भरते हा धडा आला तेव्हा बाकीच्या मुली पाठ करत बसल्या. मला पाठ करायची गरज नव्हती.

पण तेव्हा घरात हे मानणारी एकटी आई होती. महिनाभरात जखम बुजली, खपली पडली, गुलाबी कातडी आली. वडिलांनी बैलांच्या जखमा आयुष्यभर पाहिलेल्या. कातडी आली की बैल जुवाखाली, हा त्यांचा हिशोब. त्यात पिंपळगाव रेणुकाईचं चांगलं बागायती स्थळ सांगून आलं होतं. एकदा माझ्या तापाचं निमित्त सांगून पाहुण्यांना थांबवलं होतं. पुन्हा थांबवलं तर पोरीत खोट आहे असा बोभाटा होईल, ही भीती त्यांना खात होती.

आमच्याकडे मुलगी पाहायला आले की तिला चालायला लावतात. तोंडानं कुणी तसं म्हणत नाही, पलीकडून पाण्याचा तांब्या आणायला सांगतात आणि सगळे पायांकडे बघतात.

"चार पावलं तं चालायचंय," वडील म्हणाले. "फळी लुगड्याखाली झाकत न्हाई. पाव्हणे गेले की मंग बांध पुन्हा."

"तुटंल ते," आई म्हणाली.

"काही तुटत न्हाई. भरून आलंय बिलकुल."

पाहुणे आले त्या सकाळी वडिलांनी स्वतःच्या हातानं फळी सोडली. पाय उघडा पडला आणि मला भलतंच हलकं, भलतंच असुरक्षित वाटलं. मला उचलून बैठकीत नेऊन बसवलं, पाहुणे नंतर आत आले. मुलाचे काका, आणि त्यांच्या मागं डोक्यावर पदर घेतलेली आत्या. नाव विचारलं, भाकरी थापता येते का विचारलं. माझं सगळं लक्ष समोरच्या भिंतीजवळच्या तांब्याकडे होतं. वडील त्या भिंतीशीच बसले होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

"पोरी, जरा पाणी आण बरं," आत्या म्हणाली.

मी खांबाला धरून डाव्या पायावर उठले. उजवी टाच जमिनीपासून वर राहिली होती, ती खाली दाबल्याशिवाय पाऊल पडणार नव्हतं. मी हळूच दाबली. मागून आतल्या आत काहीतरी ताणलं जाऊ लागलं. आत्या वाकून बघत होती. मी श्वास कोंडला आणि आणखी दाबली.

"थांब."

आई दारातून बैठकीत आली. परक्या पुरुषांसमोर ती कधी बोलल्याचं मी पाहिलं नव्हतं. तिनं माझा दंड धरला, मला खाली बसवलं, आणि सगळ्यांसमोर माझं लुगडं घोट्यावर सारून तो व्रण दाखवला.

"न्हाई चालणार ती. पायाचा नाडा तुटलाय. जुळला तर चालंल."

पाहुणे पान न खाता उठले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट दोन्ही गावांत झाली. वडिलांनी त्या दिवसापासून आईशी बोलणं टाकलं. जेवायला बसत, ताट पुढं आलं की जेवत, आणि काही हवं असलं तर मला सांगत. आई रोज फळी तपासायची. मला वाटायचं की तिला खात्री आहे.

चैत्रात पुन्हा जालन्याला गेलो. बाईंनी फळी काढली, पोटरी चेपली, मग मला भिंतीला हात लावून उजव्या पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. मी टाच उचलली. ती उचलली गेली. सगळा देह त्या एका दोरीवर होता आणि दोरीनं तो पेलला.

आई मटकन जमिनीवर बसली. तोंडात पदर कोंबून ती जी रडायला लागली ती थांबेचना. "मला काय ठावं होतं," ती म्हणत होती, "मी तं पोरीचं वाटोळं करून बसले आसं समजत व्हते."

आवाज ऐकून बाहेर गाडीपाशी थांबलेले वडील दारात आले. आधी त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग आईकडे. ते आत आले. मग वाकून त्यांनी तिचा दंड धरला.

"ऊठ," ते म्हणाले. "गाडी जुंपलीय."