गॅसचा करार आणि खोडलेला परिच्छेद

माझ्या भाचीला आलेली नोटीस मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला संताप आला. तो नोटीस काढणाऱ्यांवर नव्हता, भाचीवर होता. हे आरंभीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात माझी बाजू फारशी स्वच्छ नाही.

ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. दिल्लीतल्या एका सरकारी कंपनीत, परदेशातून नैसर्गिक वायू विकत घेणाऱ्या विभागात अधिकारी आहे. मी राज्य शासनाच्या विधी शाखेत आयुष्यभर करारांचे मसुदे तपासले आणि निवृत्तीनंतर वर्तमानपत्रांना, महापालिकेला, मंत्रालयांना पत्रे लिहीत आलो. त्या वर्षी माझी बरीचशी पत्रे एकाच विषयावर होती. जगाच्या बाजारात वायू स्वस्त होत असताना आपल्या देशातल्या कंपन्या वर्षानुवर्षांचे महागडे करार कशासाठी करतात, आणि पायाखाली एवढा कोळसा असताना हा समुद्रापलीकडचा माल मुळात हवाच कशाला, असा माझा रोखठोक सवाल होता. त्यांपैकी दोन पत्रे छापून आली होती. छापील कात्रणे मी बहिणीच्या घरी नेऊन दाखवली होती. असा एक करार तिच्याच मुलीने केला आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

नोटिशीतला आरोप थोडक्यात असा होता: भाचीने एका परदेशी विक्रेत्याशी दीर्घ मुदतीचा करार करण्याची शिफारस केली, करारावर सह्या झाल्यावर काही महिन्यांतच खुल्या बाजारातला भाव कराराच्या दराखाली गेला, सबब झालेल्या नुकसानीस तिला जबाबदार का धरू नये, याचा खुलासा तिने महिनाभरात करावा. खुलासा समाधानकारक न वाटल्यास विभागीय चौकशी. चौकशी लागली की बढती थांबते, हे मी सांगायला नको. पण तिला धास्ती वेगळीच होती. खरेदीच्या टेबलावरून आपल्याला उठवतील, ही.

खुलासा लिहायला म्हणून ती रजा घेऊन रायपूरला, समता कॉलनीतल्या आईच्या घरी आली. बहिणीने मला फोन केला, की दादा, तुले कायदा येते, तर ये अन् पाहून घे. मी बूढापाऱ्यातल्या माझ्या घरून स्कूटर काढली आणि मनात मदतीपेक्षा उलटतपासणीचीच तयारी करत पोहोचलो.

तिच्यासमोर बसलो आणि पहिलाच प्रश्न विचारला, की खुल्या बाजारात भाव उतरतो आहे हे सही करताना दिसत होते की नव्हते? ती म्हणाली, दिसत होते. मग सही का केली? इतर विक्रेत्यांकडे लेखी विचारणा केली होती का? पर्यायांची तुलना फाइलवर आहे का? मी अशा सुरात विचारत गेलो की स्वयंपाकघरातून बहीण बाहेर आली आणि दाराशी उभी राहिली.

"दादा, तू पोरीकडून हायेस का सरकारकडून, ते आधी सांग. मंग चहा टाकते."

भाची हसली. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि शांतपणे समजावून सांगू लागली. वायू तिकडे अतिथंड करून द्रवरूप करतात, जहाजात भरतात, आपल्या किनाऱ्यावर पुन्हा वायू करून नळांतून देशभर सोडतात. दीर्घ मुदतीच्या करारात दर सूत्राने ठरतो आणि ठरलेली जहाजे ठरलेल्या महिन्यांत येतात. मात्र नको असली तरी ती घ्यावी लागतात, न घेतल्यास पैसे भरावेच लागतात. खुल्या बाजारात एकेक जहाज त्या दिवशीच्या भावाने मिळते. मंदीत ते स्वस्त पडते. तुटवडा आला की जो जास्त मोजेल त्याच्या बंदराकडे वळते. इथवर सारे मला पत्रे लिहिण्यापुरते माहीत होते.

माहीत नव्हता तो तिच्या तक्त्यातला एक रकाना. किमतीच्या आधी, विक्रेत्याच्या नावाच्याही आधी, प्रत्येक ग्राहकापुढे तिने लिहिले होते की वायू बंद झाला तर तो किती दिवस थांबू शकतो. हे तिने फोनवर विचारले नव्हते, जागेवर जाऊन पाहिले होते. वीजकेंद्र थांबू शकते, कोळशाची वीज आहे. काही कारखाने दुसऱ्या इंधनावर जाऊ शकतात. काचेची भट्टी थांबू शकत नाही, निवली की तिला तडे जातात. खताचा कारखाना एकदा बंद पडला की पुन्हा सुरळीत व्हायला दिवसच्या दिवस जातात, आणि पेरणी त्याच्यासाठी थांबत नाही. जे थांबू शकतात त्यांच्यासाठी तिने खुला बाजार ठेवला होता. जे थांबू शकत नाहीत तेवढ्यांसाठीच दीर्घ करार केला होता, आणि तोही एकाच विक्रेत्याकडून किंवा एकाच समुद्रमार्गाने सगळा माल येणार नाही, जुने करार एकदम एकाच वर्षी संपणार नाहीत, असे बघून. जो दर मला महाग वाटत होता, त्यात न थांबण्याची किंमत धरलेली होती.

मी तरीही म्हणालो, की हे सगळे ठीक, पण आमच्या छत्तीसगढचा त्या जहाजांशी काय संबंध?

"मामा, आपल्याकडे गॅस चुलीत कमी, धानात जास्त येते," ती म्हणाली. "युरिया त्याचाच बनते ना."

ते ऐकून मला माझेच एक पत्र आठवले. आदल्या खरिपात गावोगावच्या सहकारी सोसायट्यांपुढे युरियासाठी रांगा लागल्या होत्या, तेव्हा मी जिल्हाधिकाऱ्यांना एक जळजळीत पत्र लिहिले होते. खत वेळेवर देणे हे शासनाचे कर्तव्य असून त्यात बाजारभावाची सबब चालणार नाही, असे त्यात ठणकावले होते. म्हणजे एका पत्रात मी वायूची हमी मागत होतो आणि दुसऱ्या पत्रात हमीची किंमत मोजणाऱ्यांना चोर ठरवत होतो. दोन्ही पत्रांवर सही माझीच. दोन्ही पत्रे मी घरी गेल्यावर शेजारी शेजारी ठेवून वाचली. आजवर इतरांच्या मसुद्यांतली विसंगती मी लाल पेनाने दाखवत आलो; त्या दिवशी पेन उघडायचेही धाडस झाले नाही.

दुसऱ्या दिवसापासून खुलाशाच्या मसुद्याला लागलो. रोज दुपारी जात असे. कायद्याच्या दृष्टीने मुद्दा सरळ होता: अधिकाऱ्याचा निर्णय त्या दिवशी त्याच्यासमोर असलेल्या कागदांवरून तोलायचा असतो, नंतर उघड झालेल्या गोष्टींवरून नव्हे. हा मुद्दा मी इतक्या परींनी मांडला की बहीण म्हणाली, वाचणाऱ्या साहेबाले झोप येईल. भाचीने पानेच्या पाने कमी केली. तिची भाषा माझ्यापेक्षा कोरडी होती आणि, कबूल करतो, अधिक अचूक होती.

एका ठिकाणी मात्र आमचे भांडण झाले. काही वर्षांनी दर नव्याने ठरवता येईल असे कलम तिने वाटाघाटीत मागितले होते, पण जहाजे वेळेवर न आल्यास विक्रेत्यावर जबर दंड बसावा म्हणून अखेरीस ते सोडून दिले. दंड हलका असला की विक्रेता तो भरून मोकळा होतो आणि आपले जहाज चढ्या भावाने दुसऱ्याला विकतो, हे तिचे कारण पटण्यासारखे होते. पण ते कलम सोडल्याची नोंद फाइलवर झाली नव्हती, आणि ही आपली चूक ती स्वतःहून खुलाशात लिहायला निघाली होती. मी बजावले, की विचारले नाही ते सांगायचे नसते. तिने ते वाक्य ठेवले.

मुदतीला आठवडा उरला असताना समुद्रातल्या एका अरुंद मार्गावर तणाव वाढला. जहाजे अडली आणि खुल्या बाजारातला भाव भडकला. सकाळचे वर्तमानपत्र हातात घेऊन मी चहा अर्धा टाकून निघालो आणि बहिणीच्या ओट्यावर बसून, एका दमात, आयुष्यातला बहुधा सर्वोत्तम परिच्छेद लिहिला. ज्या कराराला आपण नुकसान म्हणता, त्याच कराराची जहाजे आज देशाच्या किनाऱ्याला ठरल्या दराने लागत आहेत, अशी सुरुवात होती. शेवट याहून तिखट होता. बहिणीने ऐकला आणि डोळ्यांना पदर लावला.

भाचीने तो दोनदा वाचला आणि त्यावर आडवी रेघ मारली.

"हे नको, मामा."

मी विचारले, की हे खोटे आहे का? ती म्हणाली, खरे आहे. मग?

"भाव पडला तो माझा गुन्हा नाही, असं आपण पानभर लिहून राहिलो. मग चढला ते माझं पुण्य कसं म्हणायचं?"

मी रागावलो. आवाज चढला हेही मान्य करतो. मी तिला सांगितले, की खुलासा वाचणारा माणूसच असतो, तोही हेच वर्तमानपत्र वाचतो, आणि या एका परिच्छेदाने प्रकरण त्याच दिवशी बंद होईल. बहीणही मध्ये पडली. राहू दे न बाई, खरंच तर हाये, असे ती दोन-तीनदा म्हणाली. भाची आईकडे न बघता माझ्याशी बोलत राहिली.

"सगळ्यांसोबत महाग घेतलं तर कोणाला नोटीस येत नाही, मामा. एकट्यानं घेतलं तर येते. म्हणून ऑफिसरला रोजचा बाजार सेफ असते, देशाला नाही. आज भावाच्या जोरावर मी सुटले, तर पुढच्या मंदीत माझ्या जागेवरचा माणूस सहीच नाही करणार. रोज एक जहाज घेत बसेल."

इतकी वर्षे मी कायद्यात काढली. निर्णय त्या दिवसाच्या कागदांवर तोलावा, हे तत्त्व मी तिला आठवडाभर शिकवत होतो आणि ते आपल्या बाजूने मोडायची पहिली संधी येताच मोडायला निघालो होतो. नोकरी पणाला लागली होती ती तिची, माझी नव्हे. तरी रेघ तिनेच मारली होती. त्या क्षणी मला तिच्याविषयी जे वाटले त्याला कौतुक हा शब्द अपुरा आहे. मी आयुष्यात बरेच न्यायाधीश पाहिले आहेत. स्वतःच्या फायद्याचा पुरावा स्वतःहून बाजूला ठेवणारा पक्षकार पहिल्यांदा पाहिला.

खुलासा त्या परिच्छेदाशिवाय आणि त्या कबुलीसह गेला. पुढे खुलासा तपासणाऱ्या समितीने तिला बोलावले. तिथे काय झाले ते तिने फोनवर सांगितले तेवढेच मला ठाऊक आहे. समितीतल्या एका वयस्क सदस्यांनी विचारले, की आज भाव चढले आहेत, याचा उल्लेख तुम्ही का केला नाही? ती म्हणाली, की सही केली त्या दिवशी हा भाव माझ्यासमोर नव्हता. त्यानंतर त्यांनी तक्ता मागवून घेतला आणि बराच वेळ त्या एका रकान्याविषयीच विचारत राहिले.

महिन्याभराने निकाल आला. नुकसानीचा आक्षेप मागे घेतला होता. मात्र सोडलेल्या कलमाची नोंद न ठेवल्याबद्दल तिला लेखी ताकीद दिली होती, आणि ती तिच्या सेवापुस्तिकेत राहणार होती. अडलेल्या जहाजांच्या काळात ज्या बाईमुळे खताचे कारखाने चालू राहिले, तिला ताकीद. मला जे वाटले ते इथे लिहिण्याजोगे नाही. मी त्याच दुपारी अपिलाचा मसुदा केला. कबुली स्वेच्छेने दिलेली असल्यामुळे ताकीद कशी अन्यायकारक आहे, हे कलमवार मांडले आणि तिला वाचून दाखवायला फोन लावला.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, की नोंद ठेवली नव्हती हे खरेच आहे, आणि पुढच्या कराराच्या वाटाघाटीला आपल्यालाच बसवले आहे, तेव्हा आता वेळ नाही.

अपिलाला पंचेचाळीस दिवस होते. मी ते मोजत होतो; ती मोजत नव्हती. शेवटच्या दिवशी टपाल कचेरी बंद व्हायच्या आत मी तेलीबांधा तळ्यावर फिरायला निघून गेलो आणि त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. हातातली मुदत मी जाणूनबुजून जाऊ दिली, असे आयुष्यात एवढे एकदाच घडले.