सहा भोंग्यांतली हडळ

रासिमानला भुतांची किळस नव्हती. भुतं तर त्याची रोजीरोटी. दक्षिण जाकार्तातल्या एका थंडगार खुराड्यात बसून सिनेमांतल्या भुतांचे आवाज प्रेक्षकांच्या अवतीभवती फिरवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. संगणकाच्या पडद्यावर एक ठिपका असतो, तो हाताने सरकवायचा. तसा आवाज पुढून मागे, डावीकडून उजवीकडे जातो. एकदा सरकवलं की संगणक हाताची ती चाल लक्षात ठेवतो आणि दर वेळी तश्शीच गिरवतो. किळस होती ती गुनार्तो निर्मात्याची. हा गृहस्थ तळलेला तोफू हादडायचा, तसल्याच तेलकट बोटांनी माउस धरायचा आणि म्हणायचा, "फिरव रे, अजून फिरव!"

या सिनेमात मात्र रासिमानला एक गोष्ट जीव लावून करायची होती. सुतियेममावशीचं हसणं. एकेकाळी रेडिओवरच्या नाटकांत नुसतं हसून या बाईने अख्ख्या जावाला अंथरुणात मुतायला लावलं होतं. आता तिची फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी बोलतानासुद्धा जपायला सांगितलेलं. तरी आली, खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "हे शेवटचं हसते बाबा. नीट ठेव."

आणि हसली, अगदी कुंतिलानक हसते तशी. बाळंतपणात मेलेली ही हडळ मोठ्याने हसली तर खुशाल समजावं, लांब आहे; हसणं बारीक झालं की ती मानेशी आलीच. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मावशीचं हसणं तसंच विरत विरत गेलं. रासिमानने ते पुढून हळूहळू मागे आणलं आणि शेवटचा, श्वासाएवढा तुकडा थिएटरच्या एकट्या मागच्या भोंग्यात ठेवला. त्याच्याच अंगावर सर्रकन काटा आला.

गुनार्तोने ऐकून जांभई दिली. "हे काय, उंदीर कुरतडल्यासारखं? सहा भोंगे आहेत, सहाही बोंबलले पाहिजेत! जवळ आली की मोठ्ठा आवाज. गरगर फिरव."

"साहेब, मोठा म्हणजे लांब. आजीनं सांगितलं नाही का तुम्हाला?"

"आजी येते का सिनेमाला? तू करतोस, का दुसऱ्याला बोलावू?"

दुसरा तर आणखी वाट लावेल, अशी स्वतःची समजूत घालत रासिमानने ठिपका गरगर फिरवला. संगणकाने मुकाट लक्षात ठेवलं. त्याला कसली लाज! रासिमानने मात्र बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. तरी घाण वाटायची ती वाटतच राहिली.

पहिल्या खेळाला मावशी ठेवणीतले कपडे घालून आली आणि रासिमानशेजारी बसली. पडद्यावर नायिका पाठमोरी, तिच्या मागे हडळ, आणि सहाही भोंग्यांतून मावशीचं हसणं किंचाळत गरगरलं.

"लांब आहे गं, खा निवांत!" मागच्या रांगेतली एक बाई मैत्रिणीला ओरडून म्हणाली, आणि सगळं थिएटर खो-खो हसत सुटलं.

"हे मी केलं होतं?" मावशीने विचारलं.

"नाही मावशी. मी केलं." त्याला मान वर करवेना.

बाहेर गुनार्तो तोफू खात लोकांना सांगत होता, "हसले तर हसले, उठून कुणी गेलं नाही ना!" मावशी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरला आणि त्याच्या कानाशी हसली. बारीक, आणखी बारीक. गुनार्तोच्या हातातला तोफू खाली पडला. तोंड पांढरंफटक. मावशी खोकत खोकत बाकावर बसली. तिला धाप आवरेना.

"रासिमान!" गुनार्तो घाम पुसत ओरडला. "अरे, हे पाहिजे होतं, हे! उद्या बोलाव हिला परत. आणि हेच मोठ्ठं करून सहाही भोंग्यांतून फिरव!"

"थू तुमच्या भोंग्यांवर!" रासिमान म्हणाला, आणि मावशीला धरून पाण्यापाशी घेऊन गेला.