मावशींचा गोळ्यांचा डबा

आमच्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलांवर मावशींचं राज्य. मालकसुद्धा तिथे विचारून पाय ठेवतो. टेबलाखाली त्यांचा डबा. घरातलं दुखणं सरलं की उरलेल्या गोळ्या प्रत्येकाने त्यात टाकायच्या, आणि कुणी खोकलं की मावशी त्यातली कॅप्सूल काढून देणार. दवाखान्यात गेलं की खाडा, खाडा झाला की मालकाची कटकट, म्हणून ही सोय. युनियनचं काम करताना या डब्यावरून मी त्यांच्याशी कितीदा तरी भांडले असेन.

या खेपेला खोकत होती त्यांची सूनच. शेजारच्याच टेबलावर. अंगात बारीक ताप, पण बाई उभी. चादर उचल, झटक, इस्त्री फिरव, खोक. मावशींच्या जिवाला चैन नाही. सकाळी कॅप्सूल दिली, दुपारी दिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. खोकला तसाच.

"इस्त्रीच्या वाफेचा आहे, जाईल," मावशी म्हणाल्या.

"वाफेचा असता तर सुट्टीच्या दिवशी थांबला नसता?" मी ओरडले.

"तुझं भाषण गेटवर कर गं."

त्याच दुपारी गठ्ठा घेऊन जिना चढताना सून मध्येच बसली. श्वास पुरेना. मावशी इस्त्री तशीच चादरीवर टाकून धावल्या. जळका वास सुटला. आजवर त्यांच्या हातून रुमालसुद्धा जळला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं. "न्यूमोनिया आहे. या प्रकारात माणूस हिंडत-फिरत राहतं, म्हणून फसायला होतं."

"अहो, पण गोळ्या चालू होत्या!" मावशींनी डबाच पुढे केला.

"या कॅप्सूल जंतूभोवतीची भिंत मोडतात, मग तो मरतो. या जंतूला भिंतच नसते. डबा रिकामा केलात तरी त्याला काही होणार नाही. याचं औषध वेगळं."

"म्हणजे नागडाच हिंडतो मेला?"

"नागडाच."

सून हसली. हसताहसता पुन्हा खोकली.

नव्या औषधाने ताप उतरला, सून कामावर आली. आणि मग एका सकाळी मावशीच चादरीत तोंड खुपसून खोकताना दिसल्या.

"वाफ लागली," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

सुनेने त्यांच्या इस्त्रीचं बटण बंद केलं. "चला, आई."

"एवढ्या चादरी पडल्यात!"

"पडू देत," सून म्हणाली. मालक खाड्याचं काहीतरी पुटपुटला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो मागे सरला.

सवयीने मावशींचा हात टेबलाखाली गेला. डबा खुळखुळला. उघडला तर आत गिऱ्हाइकांच्या कपड्यांची तुटलेली बटणं.

"कुणी हात लावला माझ्या डब्याला?"

"मी," सून म्हणाली. "भांडण वाटेत करू. चपला घाला."