उलटी जर्सी

आमच्या कबड्डीच्या मॅडम आम्हाला जर्सी उलटी घालायला लावायच्या. शिवण बाहेर, कॉलेजचं नाव आत. शहापूरच्या त्या कॉलेजात मुलांच्या कबड्डी संघाला दरवर्षी नव्या जर्सी यायच्या आणि त्यांनी घामाने विटवलेल्या जुन्या आम्हा मुलींच्या वाट्याला. "ज्यांनी काय दिलं नाय, त्यांचं नाव छातीवर कशाला मिरवायचं?" असं मॅडमचं म्हणणं. पंजाबी ड्रेसवर त्या स्वतःही तशीच एक चढवत. सगळं कॉलेज त्यांना 'उलट्या मॅडम' म्हणायचं.

मॅडम मुरबाडकडच्या, शेतकऱ्याघरच्या, तासिकेवर नेमलेल्या. मैदान मुलांचं, त्यामुळे आमचा सराव मागच्या कापलेल्या भातशेतात. तळव्यांना धसकटं टोचली की आम्ही कुरकुरायचो. मग त्या विचारायच्या, "आवणीला दिवसभर चिखलात उभी ऱ्हातेस ना गो? मग तुझे पाय कोण उपटनार हाय?" आम्ही बहुतेकजणी डोळखांबच्या, आवणी, म्हणजे भाताची लावणी, करूनच वाढलेल्या. त्या कामाला गुण म्हणणारं माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटलं होतं.

एका वर्षी कॉलेजात पैशांची ओढाताण सुरू झाली. कात्री कुठे लागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मुलांचं क्रिकेट म्हणजे देवाचा नैवेद्य, त्याला कोण हात लावणार? प्राचार्य मॅडमना म्हणाले, आधी जिंकून दाखवा, मग मुलींच्या संघाचं बघू. आम्ही टेम्पोत बसून गेलो आणि विभागीय स्पर्धा जिंकून आलो.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य फोटोग्राफर घेऊन हजर. कॉलेजचं नाव दिसत नाही, जर्सी सुलट करा म्हणाले. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, पुढच्या साली पोरींचा संघ ऱ्हाईल ना?"

"राहील. शब्द देतो."

मॅडम आमच्याकडे वळल्या. "घाला गो सुलट."

जूनमध्ये मुलींचा संघ बंद झाला. मुली लग्न होऊन जातात, त्यांच्यावरचा खर्च वाया, असं कारण कानावर आलं. मुलं जणू जन्मभर कॉलेजातच राहणार होती. मॅडमना पुन्हा बोलावलंच नाही. एसटी स्टँडवर त्या भेटल्या तेव्हा मला रडू आवरेना. "रडू नको," त्या म्हणाल्या. "त्यांच्या शब्दावर तुमाला सुलट घालायला लावली, तेवढं माझं चुकलं." मुरबाडची गाडी लागली आणि त्या चढल्या. पुढे काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं, तेही एका लग्नाच्या पंगतीत, भात वाढता वाढता.

अलीकडे भाचीच्या प्रवेशासाठी त्याच कॉलेजात गेले होते. ऑफिसच्या भिंतीवर आमचा तो फोटो, खाली सोनेरी अक्षरांत 'मुलींच्या क्रीडागुणांना प्रोत्साहन'. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. इथे मुलींना कोणते खेळ आहेत, असं भाचीने विचारलं. कारकून म्हणाला, स्नेहसंमेलनात लिंबू-चमचा असतो, संगीत खुर्ची असते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाची फोटो निरखत होती. "आत्या, या मागच्या बाईंची जर्सी उलटी आहे."

मीही जवळ जाऊन पाहिलं. आम्हा सगळ्यांच्या छातीवर कॉलेजचं नाव, आणि मागे उभ्या मॅडमच्या खांद्यावर शिवण.

कारकून हसला. फोटोच्या घाईत घातली असेल म्हणाला.

"नाय," मी म्हटलं. "समजूनच घातलीय."