काळ्या हातातला गूळ

सिंधीपुऱ्यातल्या माझ्या घरमालकीणबाई, ज्यांना मी मावशी म्हणतो, त्या मला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. हे आधी लिहितो. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी. बाकीचं मागंपुढं झालं तरी चालेल.

माझं गाव लांब, सांगोल्याकडं. बुऱ्हाणपुरात मी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या भट्टीवर होतो. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. गावाकडं आईनं बायकोला बोलून बोलून माहेरी धाडलं. मी फोन लावायचो, ती उचलायची नाही. खोलीत बोलायला कोणी नाही.

एक दिवस मावशी म्हणाल्या, "सगळ्या तपासण्या तिच्याच केल्या. तुझं काय, बेटा? शरम कायची करतो? चल!"

रिपोर्ट आला. रक्तात शिसं जास्त, बीज कमजोर. बीज जिथं तयार होतं त्या नाजूक जागेला शिसं आतून गंजवतं, असं डॉक्टर म्हणाले. "आवळा, पेरू, पालेभाज्या खा. गंजाला थोडी आडकाठी होते."

"गूळ रोज खातो, साहेब. भट्टीवर सगळेच खातात. त्यानं घशातली धूळ उतरते."

"हात धुऊन?"

मी नखांकडं बघितलं. गुळाची ढेप भट्टीशेजारी पोत्यावर उघडीच असायची. काम चालू असतानाच आम्ही ती काळ्या हातांनी मोडायचो. धूळ उतरावी म्हणून धूळच खात होतो.

"शिसं आत जातच राहिलं, तर आवळा एकटा काय करील?" डॉक्टर म्हणाले.

भट्टी सोडली. आता केळीच्या गाड्या भरतो. मावशी सकाळी वाटीत मीठ लावलेला आवळा ठेवतात. दुसरा रिपोर्ट थोडा बरा आला, पुरता नाही. वेळ लागेल म्हणतात. मला धीर निघत नाही.

मावशींच्या फोनवरून बायकोला सांगितलं, दोष माझ्यात निघाला.

ती म्हणाली, "मला काय सांगता? तुमच्या आईला सांगा."

त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. आईनं फोन ठेवला. बायको अजून आलेली नाही, पण आता माझा फोन उचलते.

मावशींना मोतीबिंदू आहे. मुलगा सुरतेला, दवाखान्यात सोबत कोणी नाही म्हणून त्या ऑपरेशन पुढं ढकलतात. ज्या दिवशी त्या हो म्हणतील, त्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी बसेन.